सूर्यास्तानंतरचा डोस

साताऱ्यात आमच्या कॉलेजात जंतूंवर संशोधन करणारी छोटी प्रयोगशाळा सुरू झाली, त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी इनक्युबेटरला झेंडूचा हार घातला आणि त्याच्या पांढऱ्या दारावर हळदकुंकवाची बोटं ओढली. इनक्युबेटर म्हणजे जंतूंना अंगाइतकी ऊब देऊन वाढवायचं कपाट. भाषणात 'युद्ध' हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी माइकनेच शिट्टी मारून हरकत घेतली. फाटकावर फ्लेक्स होता: 'औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर साताऱ्याचा विजय'. त्यावर माझा फोटो होता, हातात काचेची ताटली घेतलेला. ताटली रिकामी होती, पण ते फ्लेक्सवर कळत नव्हतं.

"विजय झालेलाच असेल तर उद्यापासून काय करायचं?" मी सरांना विचारलं. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, सज्जन आणि सभासमारंभांपुढे हात टेकलेले.

"मॅडम, 'प्रयत्न' असं लिहिलं तर फोटो काढून घ्यायला कोण येईल?" ते म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या ताटल्यांत हवे ते जंतू कमी आणि झेंडूबरोबर आलेली बुरशीच जास्त उगवली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. माझे वडील सांगलीजवळच्या माधवनगरच्या कापड गिरणीत मागांवर देखरेख करायचे. ते सांगायचे, जुन्या काळी छताखाली एक लांब दांडा फिरायचा, त्यावरून पट्टे निघायचे आणि पट्ट्यांवर माग चालायचे. बहुतेक पट्टे असे, की तुटले तर एक माग थांबायचा. पण एखादा असा असायचा, की तो तुटला की अख्खं खातं गप्प. आम्ही जंतूमध्ये तसला पट्टा शोधतो. त्याचं एकेक जनुक बंद करायचं आणि तो जगतो की मरतो ते बघायचं. मेला, तर त्या जनुकावरून बनणारी वस्तू त्याला जगायला लागतेच असं धरायचं. मग ती वस्तू माणसाच्या शरीरात नाही ना, हे तपासायचं. नसेल, तर ते आमचं लक्ष्य. आज वापरातली औषधं घाव घालतात ते ठरावीक चार-पाच पट्ट्यांवर, आणि ते पट्टे सांभाळायला जंतू आता शिकले आहेत. म्हणून नवे शोधायचे. लक्ष्य म्हणजे औषध नव्हे. औषध त्यानंतर कुणीतरी, कुठंतरी, पुष्कळ वर्षांनी बनवायचं असतं, आणि बहुतेक वेळा ते बनत नाही. एवढं फ्लेक्सवर मावलं नसतं.

दोन वर्षांत आमच्याकडे अठरा लक्ष्यांची यादी झाली होती. सर तिच्याकडे मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेकडे बघावं तसं बघायचे.

आईला मी काय करते ते माहीत होतं आणि ते तिला फारसं पसंत नव्हतं. आम्ही जैन. आई प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते आणि फडक्यात अडकलेले जीव परत जिथलं पाणी तिथं नेऊन सोडते. अशा बाईची मुलगी जीव मारायचा पगार घेते. वडील गेल्यावर ती माधवनगरला माझ्या धाकट्या भावाकडे राहायची आणि रोज संध्याकाळी मला साताऱ्याला फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"आज किती मारलंस?"

"मोजले नाहीत, आई."

"मोजत जा. निदान आकडा तरी ठावा पायजे माणसाला."

सूर्यास्तानंतर ती जेवत नसे, बारा महिने. चातुर्मासात मात्र ती बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, मुक्कामाला आलेल्या मुनींसमोर उभी राहून रात्रीच्या पाण्याचाही त्याग करायची. दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. मी लहानपणी हे पाळलं होतं, हॉस्टेलला गेल्यावर सोडलं, आणि गेली तीस वर्षं रात्री नऊच्या चहाशिवाय माझा एकही दिवस गेलेला नव्हता.

त्या वर्षी श्रावणात आईला लघवीला जळजळ सुरू झाली. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठ तासांनी एक. मी फोनवर नाव विचारलं, गोळी बरोबर होती. "कोर्स पूर्ण कर, मध्येच सोडू नकोस," मी बजावलं. तिने पूर्ण केला. बरं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा जळजळ, पुन्हा गोळ्या, पुन्हा मी बजावलं, पुन्हा तिने शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. मला तिचं कौतुक वाटलं. लोक अर्धवट गोळ्या घेऊन सोडतात आणि जंतू शहाणे होतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. माझी आई अर्धवट सोडणारी नव्हती.

भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस आले. आईने त्यांतले पाच उपवास केले. शेवटच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, भलत्याच वेळी, सकाळी अकराला.

"अक्का, आईला लय थंडी वाजतीया. दोन रजया घातल्या तरी खाट हालतीया. काय बी बोलतीया."

"काय बोलतेय?"

"बाबांना म्हणतीया, गिरणीचा भोंगा झाला."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि गिरणी त्याच्याही आधी बंद पडली होती. मी त्याला सांगितलं, डॉक्टरला घरी बोलवत बसू नकोस, गाडी काढ आणि सांगलीला मोठ्या रुग्णालयात ने. मग मी बॅग भरायला लागले आणि लक्षात आलं की मी एकाच साडीची घडी तिसऱ्यांदा घालते आहे.

लोकांना वाटतं, विषयातल्या माणसाला भीती कमी वाटते. उलट आहे. इतरांना अंधाराची भीती वाटते. मला त्या अंधारात कोण कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, हे पानपानभर तपशिलात ठाऊक होतं. लघवीतून रक्तात उतरलेला जंतू म्हाताऱ्या माणसाचं काय करतो आणि किती तासांत करतो, याच्या आकृत्या मी फळ्यावर रंगीत खडूने काढल्या होत्या. निळा खडू रक्तदाबासाठी.

मी पोहोचले तेव्हा आई ग्लानीत होती. हाताला सलाईन, इंजेक्शनं सुरू झालेली, रक्त आणि लघवी तपासायला गेलेली. नर्स भावाला माहिती विचारून लिहून घेत होती. "घरी कुठली गोळी चालू होती का? शेवटची कधी घेतली?"

उत्तर आईनेच दिलं, डोळे न उघडता. "पर्युषणाच्या आदल्या दिवशी. दिवस मावळायच्या आत."

"आणि रात्रीची, आजी?"

"रातीची कशी घेणार? माझा पाण्याचा त्याग हाय न्हवं."

"मग तीन गोळ्या कशा घेत होता?"

"सकाळी उजाडल्यावर येक, दुपारी येक, पाच वाजता येक. तीनच्या तीन झाल्या की."

नर्सने ते लिहून घेतलं. तिच्या दृष्टीने ती एक ओळ होती. मी तास मोजले. दिवसाच्या अकरा तासांत तीन गोळ्या आणि मग रात्रभर काही नाही. गोळी नाही, पाणीही नाही. रोज रात्री तिच्या शरीरात औषध उतरत जायचं, लघवी साठून राहायची, आणि जे जंतू दिवसभराच्या माऱ्यातून उरले असतील त्यांना पहाटेपर्यंत मोकळं रान मिळायचं. सगळा श्रावण. मी 'कोर्स पूर्ण कर' म्हटलं होतं, तिने प्रामाणिकपणे केला होता. तिचा त्याग मला लहानपणापासून माहीत होता. किती वाजता घेतेस, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

पुढे डॉक्टर मला समजुतीने म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. असले जंतू बाहेरून तयार होऊनही येतात." ते खरंच आहे. मी स्वतः परीक्षेत त्या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. पण ते उत्तर मला झोप देऊ शकलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला. प्रकल्पाच्या अहवालावर सही हवी म्हणून मी सकाळी साताऱ्याला गेले आणि दुपारच्या गाडीने परत निघाले. रहिमतपूर स्टेशनात गाडी समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबवली. खिडकीखाली एक माणूस भुईमुगाच्या शेंगा विकत होता. तेवढ्यात फोन वाजला. भावाने आईच्या तपासणीच्या रिपोर्टाचा फोटो पाठवला होता.

हे रिपोर्ट मी आयुष्यभर वाचत आले आहे. डावीकडे औषधांची नावं आणि उजवीकडे एकेक अक्षर. एस म्हणजे हे औषध चालेल. आर म्हणजे जंतू याला दाद देत नाही. मी फोटो मोठा केला. आर. आर. आर. बोटाने खाली सरकवत गेले. आर. आर. रकाना संपेपर्यंत बोट चालत राहिलं. अगदी शेवटी एका औषधापुढे वेगळं काहीतरी होतं. ते औषध मला माहीत होतं. फार जुनं. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून डॉक्टरांनी मागे ठेवून दिलेलं आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढलेलं.

"शेंगा घ्या की ताई, गरम हायेत," शेंगावाला म्हणाला. मी दहाच्या घेतल्या. का घेतल्या ते माहीत नाही. सांगलीपर्यंत पुडी हातात होती आणि एकही शेंग फोडलेली नव्हती.

रुग्णालयात पोहोचले तेव्हा साडेपाच वाजले असतील. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तरुण होते, दोन दिवसांत धड झोपले नसावेत. "तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकच औषध आहे. दर आठ तासांनी, शिरेतून. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. वेळ चुकवून चालणार नाही. आणि मूत्रपिंडं सांभाळायला पाणी भरपूर गेलं पाहिजे, रात्रीसुद्धा."

"मग द्या ना."

"आजी नको म्हणताहेत."

मी खोलीत गेले. आई उशीला टेकून बसली होती. चेहरा सुकलेला, पण नजर लख्ख. भाऊ पायाशी उभा होता, रडून झालेला आणि आता चिडलेला.

"इचार तूच आता," तो म्हणाला. "माझं काय चालत न्हाई. बस्तीतल्या पंडितजींना फोन लावून दिला. त्ये बी म्हणाले, आजारात सूट असती, मागनं प्रायश्चित्त घ्या. तरी न्हाईच."

"सूट असती त्ये मला बी ठावं हाय," आई म्हणाली. "घ्यायची का न्हाई त्ये माझ्यावर हाय."

"आई, दोन रात्री तुला इंजेक्शनं दिलीच आहेत त्यांनी."

"ग्लानीत दिली. त्यात माझा दोष न्हाई. आता मी शुद्धीत हाय. ह्या नळीतनं रातभर पाणी अंगात जातंय, त्ये पाणीच की. तोंडानं जावं न्हाईतर हातानं."

तर्क पक्का होता. मी मग माझं सगळं सांगितलं. रिपोर्ट, रकाना, एकच औषध. आठ तासांऐवजी रात्री खंड पडला तर काय होईल, ते फळ्यावर सांगते तसं सांगितलं, फक्त खडू नव्हता आणि आवाज नीट येत नव्हता. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारलं ते भलतंच.

"तुझ्या त्या कपाटात असलेच जंतू हायेत का?"

"असलेच. याच जातीचे."

"काय खात्यात गं त्ये?"

प्रयोगशाळेत जंतूंना जो रस्सा घालतात त्याच्या काही प्रकारांत मांसाचा अर्क असतो. हे मी आईला वीस वर्षं सांगितलेलं नव्हतं. "दुधातलं प्रथिन," मी म्हणाले. अगदी खोटं नव्हतं. "आणि बाकी लागेल ते सगळं. तयार मिळतं. पावडर पाण्यात घालायची."

"म्हंजे समदं आयतं."

"हो."

"आन माझ्यात काय मिळालं रं त्येंला?" हे तिने भावाला विचारलं, जणू दुकान त्याचं होतं. "पाच उपास. पाणी न्हाई. लघवीत काय असतंय खायाजोगं? तरी तग धरलाय." मग माझ्याकडे वळली. "तू पोटभर जेवलेल्या जंतूवर औषीद शोधतीयास बाळ. आन मला चावलाय त्यो उपाशी."

भाऊ हसला. बाहेर उभे असलेले डॉक्टरही हसले असावेत. मी हसू शकले नाही. जंतूला लागणारी वस्तू त्याला रश्शात आयतीच मिळत असेल, तर ती स्वतः बनवायचं जनुक बंद केलं तरी तो आरामात जगतो, आणि आपण तो पट्टा बिनकामाचा म्हणून यादीतून काढतो. तोच जंतू माणसाच्या अंगात उपाशी असताना त्याच पट्ट्यावर जगत असतो. ही गोष्ट नवी नाही. जगात कित्येकांनी लिहून ठेवली आहे. मी ती शिकवते, दुसऱ्या सत्रात, एका तासात. तरी आम्ही अठराच्या अठरा लक्ष्यं रश्शातच शोधली होती, कारण रस्सा तयार मिळतो, जंतू त्यात भराभर वाढतात आणि अहवाल वेळेवर जातो. किती वाजता घेतेस हे जसं मी आईला विचारलं नव्हतं, तसंच हे.

खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होता. दहाचा डोस अजून चार तास लांब होता, पण मला कळत होतं की ठरायचं ते उजेड आहे तोवर ठरणार. नंतर आई बोलणार नव्हती. अंधार पडल्यावर ती जप करते आणि मग कुणाशी वाद घालत नाही.

मी तिच्या खाटेवर बसले. "आई, मला भीती वाटतेय," मी म्हणाले. एवढंच. त्यात विज्ञान नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर हे वाक्य आपण कुणाला म्हणत नाही.

तिने नळीचा हात उचलून मांडीवर घेतला.

"त्याग असा मधीच टाकून देता येत न्हाई," ती म्हणाली. "कुनीतरी पाळाय पायजे. तू पाळ."

"काय?"

"माझा रातीचा त्याग. चातुर्मास संपस्तवर. अन्न न्हाई, पाणी न्हाई, तुझा त्यो नऊचा चा न्हाई. तू पाळलास तर मला टोचू देत काय टोचायचं त्ये."

असं धर्मात बसतं का, मला माहीत नव्हतं. पंडितजींना विचारलं असतं तर बहुधा नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. समारंभात ज्या बाईने कधी मनापासून टाळी वाजवली नाही, देवळात जिने चप्पल कुठे काढली याकडेच जास्त लक्ष दिलं, ती मी लगेच हो म्हणाले. तिने सांगितलं असतं तर इनक्युबेटरला मीही हार घातला असता.

"शपथ न्हाई घ्यायची," आई म्हणाली. "नुसतं हो म्हण."

"हो."

तिने खिडकीकडे बघितलं. मग उशाशी ठेवलेला तांब्या माझ्याकडे सरकवला. "अजून उजेड हाय. पिऊन घे. रात लय मोठी असती."

मी तांब्या तोंडाला लावला. आई बघत राहिली. शेवटचा घोट होईपर्यंत तिने नजर काढली नाही, आणि मग भावाला म्हणाली, "जा, सांग त्या पोराला." पोर म्हणजे डॉक्टर.

त्यानंतरचे दहा दिवस रोज सकाळी मूत्रपिंडांचा रिपोर्ट यायचा. एक आकडा. तो वर जायला लागला. औषध जंतूला मारत होतं आणि आईलाही थोडं थोडं मारत होतं, आणि दोघांतलं कोण आधी संपेल ते बघत बसायचं होतं. आत्तापर्यंत मी लेखांमध्ये 'विषारीपणा' हा शब्द शंभरदा वाचला असेल. तो शब्द आता रोज सकाळी साडेआठला कागदावर छापून यायचा. अंधार पडला की मला तहान लागायची. दिवसा न लागणारी, हट्टी तहान. बाकड्यावर बसून मी विचार करायची की आई हे चाळीस वर्षं करत आली आणि एकदाही बोलली नाही. मन विटलं की मी सूर्योदयाची वेळ फोनवर बघायची. ती दर दिवशी काही सेकंदांनी पुढे जात होती.

सातव्या दिवशी ताप गेला. दहाव्या दिवशी तो आकडा चढायचा थांबला. उतरला नाही, थांबला. "आता जपायचं," डॉक्टर म्हणाले. "पाणी भरपूर. आणि पुन्हा असं झालं तर..." त्या रकान्यात एकच अक्षर वेगळं होतं आणि ते आता वापरून झालं होतं. आईला रुग्णालयातून घरी सोडलं त्या दिवशी मी तिची परवानगी घेऊन तपासणीसाठी तिथे वाढवलेला तिचा जंतू मागून घेतला. आमच्या शीतपेटीत कुपीवर रुग्णाचं नाव लिहायची पद्धत नाही, गावाचं लिहितात. मी चिठ्ठी लिहिली: माधवनगर १. उणे ऐंशी अंशांत तो अजून आहे. मेलेला नाही. थांबलेला आहे, आईच्या आकड्यासारखा.

साताऱ्याला आल्यावर मी सरांना म्हणाले, यादी पुन्हा करू. रश्शात नको, माणसाच्या लघवीत करू.

सरांनी टेबलावरची यादी जवळ ओढली. "मॅडम, अठरा आहेत. पुढच्या महिन्यात सादरीकरण. पाहुणे तेच आहेत."

"त्या अठरांतली किती माणसाच्या अंगात खरी आहेत, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लघवी कोण देणार?" ते म्हणाले, आणि मला कळलं की ते तयार आहेत. स्टाफरूममध्ये आवाहन केलं. आमच्या प्राध्यापकांनी विज्ञानाला इतक्या सढळपणे काही दिल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. गाळून, निर्जंतुक करून, त्यात 'माधवनगर १' वाढवला. तो सावकाश वाढला, चिवटपणे, तक्रार न करता. एकेक जनुक बंद करत गेलो. हिवाळा त्यात गेला. अठरांतली सात लक्ष्यं गळाली. उपाशी जंतूचं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. आणि आम्ही बिनकामाची म्हणून टाकून दिलेल्यांतली चार परत आली. त्यांतली एक वस्तू तो फक्त भुकेच्या वेळी बनवतो, आणि ती बनवू दिली नाही की मरतो. माणसात ती नाही. हे औषध नव्हे. पुढे ढकललेल्या सादरीकरणात सरांनी 'सात चुकली' असं स्वच्छ सांगितलं. पाहुण्यांना ते आवडलं नाही. त्यांनी फोटो काढून घेतला नाही.

त्याआधी, कार्तिकात चातुर्मास संपला त्या संध्याकाळी आईने फोन केला होता. "सुटलीस. पी जा चा." मी चहा केला आणि दाराशी उभी राहून प्याले. कसा लागला ते आठवत नाही. मी तिच्या तापाबद्दल विचारायला विसरले होते, म्हणून कप हातात धरून परत फोन लावला.

या आषाढात चातुर्मास पुन्हा आला. आईने निरोप धाडला, ये. मी पहाटेच्या गाडीने गेले. बस्तीत मुनींसमोर बायकांची रांग होती. एकेक बाई पुढे होऊन कशाकशाचा त्याग सांगत होती. कुणी हिरवी भाजी, कुणी तूप. आई माझ्यापुढे होती. गाडीत पूर्ण वेळ मी एकच वाक्य घोकत आले होते: पाण्याचा त्याग नको, आई, पाण्याचा नको. ते वाक्य तोंडातून निघेना. समोर माणसं होती, शांतता होती, आणि तिच्या पाठीवरच्या पदराखाली दोन मूत्रपिंडं होती, निम्म्याहून कमी चालणारी.

तिचा नंबर आला. ती पुढे झाली नाही. माझा दंड धरून तिने मला पुढे केलं.

"माझ्या वाटणीचा हिला द्या," ती म्हणाली. "मी औषधावर हाय. पाणी पितीया मी."

मागे कुणीतरी हसलं. मी हात जोडले.

आता रोज दिवस मावळायच्या सुमारास साताऱ्यात फोन वाजतो. मी आधी ताप विचारते. भावाने थर्मामीटर लावून ठेवलेला असतो, आकडा आई सांगते. तो आकडा कानावर येईपर्यंतचे चार-पाच सेकंद मला दिवसातले सगळ्यात लांब वाटतात. मग ती विचारते.

"त्यो उपाशी सापडला का?"

"एक जागा सापडलीय त्याची. औषध नाही अजून."

"हुडकत ऱ्हा. पाणी प्यालीस का? दिवस चाललाय."

मी खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघते. किल्ल्यामागे उजेडाची एक कड उरलेली असते. टेबलावरचा ग्लास उचलते आणि ती फोनवर ऐकत असताना सगळा पिते.